टेबलाचा आवाज

तिला घरीदारी सगळे किरकिरी म्हणत. हे नाव आत्याने ठेवलं होतं. आत्या पोहायला शिकवायची. लहानपणी तलावात उतरवल्यावर ती हिला म्हणाली, "पाय मारत राहा, म्हणजे बुडणार नाहीस." हिने काठ धरूनच विचारलं, "का?" आत्याने चार वाक्यांत सांगून पाहिलं, पण हिचं काही समाधान होईना, आणि त्या दिवशी सगळी मुलं हिच्या नादाने काठाला लटकून राहिली. "डोळ्यात गेलेल्या कणासारखी आहे ही कार्टी," आत्या घरी येऊन म्हणाली, "कितीही चोळा, निघत म्हणून नाही." नाव चिकटलं ते चिकटलंच. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला गेल्यावर मॅडमसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारू लागल्या.

मॅडम म्हणजे कंपनांच्या प्रयोगशाळेच्या मॅडम. अंगाने आडव्या, केस बारीक कापलेले, शर्टाच्या खिशाला कायम स्क्रू-ड्रायव्हर अडकवलेला. त्या रागावल्या की आवाज चढत नसे, उलट खाली यायचा, आणि मुलं त्यालाच जास्त घाबरत. कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एका विषयाऐवजी स्वतंत्र संशोधन प्रकल्प घेता येत असे. प्रश्न आपला आपण निवडायचा, एक गाइड धरायचा, वर्षभर एकट्याने राबायचं आणि शेवटी सगळ्यांसमोर काय सापडलं ते मांडायचं. मॅडमकडे दरवर्षी मुलांची रीघ लागे, कारण त्यांनी शोधलेली पद्धत हे विभागाचं भूषण होतं.

ती पद्धत सांगायला सोपी होती. पंपाचा फिरणारा दांडा बेअरिंगवर टेकलेला असतो. बेअरिंगच्या छर्ऱ्यांच्या वाटेवर बारीकशी चीर पडली की दर फेरीला एक हलकी टकटक होते. कानाला ती कळत नाही. मॅडमनी एक साधा माइक पंपाजवळ ठेवून ती टकटक पकडून दाखवली होती. बेअरिंगला चीर असेल तर पडद्यावरच्या आलेखात एक उंच सुळका उभा राहायचा, नसेल तर रेघ सपाट. पंप उघडायला नको, बंद करायला नको. प्रयोगशाळेत करड्या रंगाच्या पत्र्याच्या टेबलावर एक पंप बोल्टने घट्ट बसवलेला होता. त्याच्यावर हा प्रयोग वर्षानुवर्षं चालला होता आणि एकदाही फसला नव्हता.

किरकिरीने प्रश्न निवडला तो असा: ही पद्धत प्रयोगशाळेबाहेर चालते का?

"चालते," मॅडम हसून म्हणाल्या. "न चालायला काय झालं? पण बाहेर जाऊन पाहण्याची तसदी कुणी घेतली नाही हे खरं. तू घे."

पहिला पंप आयता होता. आत्याच्या तलावाचा, पाणी गाळून फिरवणारा. किरकिरी माइक आणि लॅपटॉप घेऊन तलावामागच्या पंपाच्या खोलीत बसली. रेघ सपाट आली. तिने पुन्हा पुन्हा घेतली, तरी सपाट.

"ठणठणीत आहे," ती आत्याला म्हणाली. "बेअरिंगला काही झालेलं नाही."

आत्याने तिच्या शब्दावर विश्वास टाकला. पंपाची वार्षिक दुरुस्ती तोंडावर आली होती, तिच्यासाठी तलाव बंद ठेवावा लागला असता आणि मुलांच्या स्पर्धा जवळ आल्या होत्या. आत्याने व्यवस्थापकाला सांगून दुरुस्ती पुढे ढकलली. "भाची इंजिनिअर आहे माझी," असंही वर ऐकवलं.

पंधरवडाही गेला नाही तोच पंप अडकला. मोटर जळाली. पाणी शेवाळलं आणि तलावाला कुलूप लागलं. स्पर्धेला मुलं सरावाशिवाय गेली आणि हात हलवत परत आली. पंप उघडला तेव्हा बेअरिंगचा भुगा झालेला निघाला. अशी गोष्ट एका दिवसात होत नाही. किरकिरीने माइक लावला तेव्हाही चीर होतीच, चांगली रुंद असणार.

त्या संध्याकाळी आत्या जेवायला बसली तरी गळ्यातली शिट्टी काढायची विसरली होती. व्यवस्थापकाने तिला सगळ्यांसमोर झाडलं होतं. आई सारखी म्हणत होती, "जाऊ दे गं, मुलीने मुद्दाम केलं का?" आत्याने तिच्याकडे लक्षच दिलं नाही. ताट पुढे सारून तिने भाचीला विचारलं, "मला एवढंच सांग. तुझं यंत्र खोटं बोललं की तू?"

किरकिरीने ते ताट उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवशी ती व्यवस्थापकाकडे गेली आणि चूक आत्याची नाही, आपली आहे, असं सांगून आली. त्याने ऐकून घेतलं. घेतलं म्हणजे तोंड वाकडं करून ऐकलं. परत येताना तिच्या मनात एकच भुंगा गुणगुणत होता. चूक आपली, हे बोलून झालं. पण नेमकी कुठली?

मग ती हात धुऊन त्या प्रश्नाच्या मागे लागली. बेकरीच्या कणीक मळायच्या यंत्राला माइक लावला, बसडेपोतल्या पंपांना लावला, राहत्या इमारतीच्या तळघरातल्या पंपाला लावला. जिथे बेअरिंग खराब झाल्याचं कामगारांना आधीच माहीत होतं अशा ठिकाणी मुद्दाम गेली. सगळीकडे रेघ सपाट. प्रयोगशाळेत परत येऊन तोच माइक लावला की सुळका टेचात उभा.

मॅडमना तिने आकडे दाखवले. मॅडमनी चष्मा वर सारून ते नीट पाहिले.

"बाहेर गोंगाट असतो," त्या म्हणाल्या. "त्यात टकटक बुडते. माइक जवळ धर. आवाज गाळणारा फिल्टर बदल. पुन्हा कर."

तिने पुन्हा केलं. निकाल तोच. मॅडम पुन्हा म्हणाल्या, "पुन्हा कर." असं करता करता हिवाळा सरला. किरकिरीला आता वेगळीच शंका येऊ लागली होती. बाहेरचे सगळे पंप काँक्रीटच्या ओट्यावर बसवलेले होते. पत्र्याच्या टेबलावर होता तो एकटा प्रयोगशाळेतला.

एका दुपारी मॅडम बैठकीला गेलेल्या असताना तिने टेबलाचे बोल्ट सोडले. चेन-पुलीने पंप उचलला आणि कोपऱ्यातल्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर नेऊन घट्ट बसवला. पंप तोच, चिरलेलं बेअरिंग तेच, माइक तेवढ्याच अंतरावर. खोलीत गोंगाटाचं नाव नव्हतं.

रेघ सपाट आली.

ती स्टुलावर बसून राहिली. टकटक इतकी क्षीण होती की माइकला ती कधी ऐकूच आली नव्हती. पत्र्याचं टेबल त्या टकटकीने थरथरत होतं, घुमत होतं, आणि माइक इतकी वर्षं टेबलाचा आवाज ऐकत होता. मॅडमची पद्धत चालत होती ती त्या एका टेबलावर.

मॅडम आल्या आणि रिकामं टेबल बघून दारातच थांबल्या.

"कुणाला विचारून हलवलास?"

"कुणालाच नाही. मॅडम, हे बघा ना..."

"परत जागेवर लाव."

"एकदा बघा तरी."

"या टेबलावर मी दहा वर्षं काम केलंय," मॅडमचा आवाज पार खाली गेला होता. "तू बोल्ट नीट आवळले नसशील. पाया पक्का नसेल तर काहीही दिसतं. जागेवर लाव आणि जा आता."

त्यानंतर मॅडम तिच्याशी कामापुरतंही बोलेनाशा झाल्या. किरकिरीने अहवाल लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला. तो सहीशिवाय परत आला. वर पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: मला पटलेलं नाही.

चार दिवसांनी विभागप्रमुखांनी तिला बोलावलं. ते गोड बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"काम मेहनतीचं आहे तुझं," ते म्हणाले. "फक्त एक कर. शीर्षकात 'प्रयोगशाळेतील अभ्यास' असं घाल आणि बाहेरचे निकाल गाळून टाक. आतले निकाल उत्तम आहेत. मॅडम सही करतील, पहिला क्रमांक तुझाच येईल, पुढच्या शिक्षणासाठी शिफारस मी स्वतः लिहीन."

"पण सर, बाहेर ती चालत नाही."

"हे बघ, सादरीकरणाला एका कंपनीची माणसं येणार आहेत. त्यांना या पद्धतीवर यंत्र बनवायचंय. आता ऐन वेळी तू कशाला फाटे फोडतेस?"

"ते यंत्र लोक पंपाला लावतील ना, सर? आणि ते म्हणेल, ठणठणीत आहे."

विभागप्रमुखांचं हसू थोडं आखडलं. "गाइडची सही नसेल तर सादर काय करणार तू?"

"नियमात आहे," किरकिरी म्हणाली. ती सगळं वाचून गेली होती. "सही नसेल तर स्वतःच्या जबाबदारीवर सादर करता येतं. गाइडच्या हातातले गुण तेवढे मिळत नाहीत."

"आजवर कुणी असं केलेलं नाही."

"असेल. मी करते."

घरी आईने कपाळाला हात लावला. "अगं, सही घे आणि मोकळी हो. वर्ष वाया घालवणार आहेस का? मोठ्या माणसांशी वैर घेऊन कुणाचं भलं झालंय?" बाबा बस चालवून थकून आले होते. ते म्हणाले, "तुझी आई म्हणते त्यात तथ्य आहे," आणि बूट काढू लागले. किरकिरीने आत्याकडे पाहिलं. तलावाच्या प्रकरणापासून आत्या तिच्याशी तुटकच वागत होती.

"त्या दिवशी तू मला विचारलं होतंस," किरकिरी म्हणाली. "कोण खोटं बोललं म्हणून. यंत्र खोटं बोललं, आत्या. पण आता मला ठाऊक आहे आणि तरी मी गप्प बसले, तर उद्यापासून मी खोटी."

 आत्या आईकडे वळून म्हणाली, "वहिनी, हिला अडवू नका. अडवून हिचं काय होतं ते आपण लहानपणापासून बघतोय. आणि तू गं, मला सांगून काय उपयोग? तिथे सांग, त्यांच्या तोंडावर."

सादरीकरण ज्याच्या त्याच्या प्रयोगशाळेत असे. परीक्षक मंडळी एकेका दालनातून फिरत. कंपनांच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. गाइडच्या सहीशिवाय एक मुलगी उभी राहणार ही बातमी सगळीकडे पसरली होती. पुढे बाहेरून आलेले परीक्षक, हयात कारखान्यात घालवलेले वयस्कर गृहस्थ. त्यांच्या शेजारी विभागप्रमुख आणि कंपनीची दोन माणसं. मॅडम खिडकीजवळ हाताची घडी घालून उभ्या होत्या.

किरकिरी टेबलापुढे येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "माझा प्रश्न होता, ही पद्धत बाहेर चालते का. उत्तर आहे, नाही. का नाही, ते दाखवते."

सकाळीच तिने पंप पुन्हा काँक्रीटच्या ठोकळ्यावर नेऊन बसवला होता. तिने तो सुरू केला. पडद्यावर रेघ सपाट. मग बंद केला, चेन-पुलीने उचलून टेबलावर ठेवला, सगळ्यांदेखत बोल्ट आवळले आणि पुन्हा सुरू केला. सुळका उभा राहिला. कंपनीच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

"एक मिनिट," विभागप्रमुख उठून म्हणाले. "स्पष्ट करतो, या निष्कर्षाला गाइडची संमती नाही. ज्यांनी ही पद्धत शोधली त्यांचीच नाही. नाही का, मॅडम?"

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "मला पटलेलं नाही. मला प्रश्न विचारायचे आहेत."

आणि त्या पुढे आल्या. मग जे सुरू झालं ते पाहायला मागच्या रांगेतली मुलं टाचा उंचावून उभी राहिली. मॅडम कुठलीही दयामाया न दाखवता विचारत होत्या. दोन्हीकडे बोल्ट सारखेच आवळलेस हे कशावरून? किरकिरीने बोल्ट किती घट्ट आहे ते आकड्यात दाखवणारा पाना पुढे केला. मॅडमनी तो घेऊन टेबलावरचे बोल्ट स्वतः तपासले आणि ठोकळ्याच्या वेळी नोंदवलेल्या आकड्याशी ताडून पाहिले. माइकचं अंतर? तेच. पंपाचा वेग? तोच. ठोकळ्याखाली रबर आहे का? नाही, वाकून बघा. मॅडम खरोखर वाकल्या, ठोकळ्याखाली हात घालून पाहिलं आणि गुडघे झटकत उठल्या.

"बेअरिंग वर ठेवताना सरकलं असेल."

"मी उलटसुलट दोन्हीकडून केलंय, मॅडम. टेबलावरून खाली आणलं की सुळका जातो, वर नेलं की येतो. दर वेळी."

"म्हणजे तुझं म्हणणं, टेबल घुमतं."

"हो."

"हे तू सिद्ध केलेलं नाहीस," मॅडम म्हणाल्या. "पंप हलवलास की दहा गोष्टी हलतात. पंप न हलवता टेबल गप्प करून दाखव. तेव्हा मानीन."

किरकिरी टेबलाकडे पाहत राहिली. हे तिला सुचलंच नव्हतं. वर्षभरात एवढं सगळं केलं आणि इतकी साधी चाचणी राहून गेली. विभागप्रमुख खुर्चीत सैलावले. "उत्तर नाही म्हणजे..." त्यांनी सुरुवात केली.

"नाही, उत्तर आहे," किरकिरी म्हणाली.  "आत्ता केलेलं नाही, पण करता येईल. टेबलावर वजन ठेवायचं. भरपूर. पत्रा दाबला गेला की घुमणार नाही. माझं म्हणणं चूक असेल तर सुळका जागचा हलणार नाही, आणि मी अहवाल मागे घेईन."

"वजन कुठलं आणणार आता?" परीक्षकांनी विचारलं.

मॅडमनी खोलीभर नजर फिरवली. टेबलाकडे पाहिलं. मग खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून किरकिरीच्या हातात दिला, टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकले, आणि चालू पंपाच्या शेजारी स्वतःच टेबलावर चढून मांडी घालून बसल्या.

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. कारण पडद्यावरचा सुळका खाली बसत चालला होता. कमरेइतका झाला, घोट्याइतका झाला, आणि रेघेत मिसळून गेला.

मॅडम पडद्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा किरकिरीला पाहवेना. मग त्या खाली उतरल्या. सुळका वर आला. त्या पुन्हा चढून बसल्या. सुळका गेला.

"मॅडम, खाली उतरा," विभागप्रमुख दबक्या आवाजात म्हणाले. "पाहुणे बसलेत."

"उतरते," मॅडम टेबलावरूनच म्हणाल्या. "पाहुण्यांनी आधी नीट बघून घ्यावं, मग उतरते." आणि कंपनीच्या माणसांकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला यंत्र बनवायचं असेल तर प्रत्येक पंपाखाली माझं टेबल द्यावं लागेल. ही पद्धत तुम्हाला मी विकू देणार नाही. दुरुस्त होईपर्यंत नाही."

"हे ठरवणार तुम्ही?" विभागप्रमुखांचा गोडवा आता संपला होता.

"शोधली मी. चुकले मी. ठरवणार कोण मग?"

परीक्षकांनी चष्मा पुसला आणि किरकिरीला एकच प्रश्न विचारला, "गप्प बसली असतीस तर काय झालं असतं?"

"काही नाही, सर," ती म्हणाली. "माझं काही झालं नसतं. पंपवाल्यांचं झालं असतं."

पहिला क्रमांक तिला मिळाला नाही. तो एका मुलाने बनवलेल्या, पायऱ्या चढणाऱ्या गाडीला मिळाला, आणि गाडी खरंच छान होती. गाइडच्या हातातले गुण गेल्यामुळे किरकिरीच्या निकालात तो विषय कसाबसा पास एवढाच दिसत होता. शिफारसपत्राचा विषय विभागप्रमुखांनी पुन्हा काढला नाही. तिनेही नाही. कंपनी निघून गेली. मॅडमनी आपला मूळ शोधनिबंध मागे घेतला, तशी नोटीस प्रयोगशाळेच्या दारावर आपल्या हाताने चिकटवली, आणि विभागप्रमुखांनी ती काढली की दुसरी चिकटवत राहिल्या. शेवटी काढणारा दमला.

सादरीकरणाच्या दिवशी मंडळी गेल्यावर मात्र किरकिरी अहवाल घेऊन मॅडमसमोर उभी राहिली होती. "आता तरी सही कराल का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

किरकिरीचा चेहरा पडला. "अजून पटलेलं नाही?"

"पटलंय. म्हणूनच नाही करत." मॅडम टेबलाचे बोल्ट सोडायला लागल्या होत्या. "मी सही केली की हे आपल्या दोघींचं होतं. उद्या लोक म्हणतील, मॅडमनी मुलीकडून आपली चूक सुधारून घेतली, केवढं मोठं मन. मला नको तसलं काही. मी तुला दारातून हाकललं होतं. हे तुझं एकटीचं आहे, एकटीच्याच नावावर राहू दे."

"गुण जातील माझे."

"जातील. रड हवं तर."

किरकिरीला रडू आलं नाही. राग आला, आणि रागाखाली कुठेतरी बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं हे तिला कळेना. तिने दुसरा पाना उचलला आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बोल्ट सोडायला लागली.

"आता कुठे न्यायचाय पंप?" तिने विचारलं.

"ठोकळ्यावर. तिथेच राहील आता तो. टकटक तर होतेच ना आत. माइकला ऐकू येत नसेल, तर कशाला ऐकू येते ते शोधायचं." मॅडमनी शेवटचा बोल्ट काढून वाटीत टाकला. "साखळी धर. आणि सावकाश, माझ्या पायावर आपटशील."